टिपणाची कुळकथा

बार्नबस स्मिथ नावाच्या एका इंग्रज पाद्र्यानं १६१२ साली एक जाडजूड वही केली. बेत अगदी रीतसर होता. प्रत्येक पानाच्या माथ्यावर धर्मशास्त्रातला एकेक विषय मथळा म्हणून लिहायचा, आणि पुढे वाचनात जे जे सापडेल ते ज्याच्या त्याच्या मथळ्याखाली उतरवत जायचं. मथळे लिहून झाले. काहींच्या खाली थोडाफार मजकूरही आला. बाकीची पानं माथ्यावर मथळ्याचं मुंडासं बांधून कोरीच बसून राहिली. १६५३ साली पाद्रीबुवा वारले.

त्यांच्या बायकोला पहिल्या लग्नाचा एक मुलगा होता. लग्नाच्या वेळी तो तीन वर्षांचा होता आणि पाद्रीबुवांनी काही त्याला घरात घेतलं नव्हतं. तो आजीजवळच वाढला. सावत्र बापाची ती कोरी पानं मात्र पुढे त्याच्या हाती लागली. कागद महाग, वही उत्तम. १६६४ पासून त्या पोरानं त्यात गणितं करायला सुरुवात केली. आदळणाऱ्या वस्तूंची गती, वक्ररेषांखालचं क्षेत्रफळ, आणि त्यातूनच हळूहळू ज्याला आज आपण कलनशास्त्र म्हणतो ते. पोराचं नाव आयझॅक न्यूटन. केंब्रिजच्या ग्रंथालयात ती वही आजही जपून ठेवलेली आहे. न्यूटन तिला 'वेस्ट बुक' म्हणत असे. शब्द व्यापाऱ्यांच्या पेढीवरचा. आपल्याकडे तिला कच्ची वही म्हणतात.

म्हणजे एकाच वहीत दोन माणसं आणि दोन पद्धती. एकानं घरं आधी बांधली, राहायला कुणी आलं नाही. दुसऱ्यानं घर-बिर काही बांधलं नाही. सुचेल तसं, सापडेल त्या जागी लिहीत गेला. यावरून 'पद्धतीच्या नादी लागू नये' असं तात्पर्य काढण्याचा मोह होतो. पण ते तात्पर्य खोटं आहे, कारण मथळ्यांच्या वह्यांवर युरोपातल्या कितीतरी पिढ्या शिकून शहाण्या झाल्या आणि कच्च्या वह्यांची रद्दी तर प्रत्येकाच्याच माळ्यावर असते.

ही वही आठवण्याचं निमित्त माझी भाची. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा घरी आली ती पिशवी भरून वह्या घेऊनच. एक आडव्या रेघांची, एक ठिपक्यांची, एक स्पायरलची, शिवाय कार्डांचा गठ्ठा आणि चार रंगांचे हायलायटर. मोबाइलमध्ये नोट्स काढण्याची तीन ॲप. "मामा, माझ्या शिकण्याच्या पद्धतीला नक्की कशा नोट्स सूट होतील तेच कळत नाहीये," ती म्हणाली. "मी व्हिज्युअल लर्नर आहे असं एका टेस्टमध्ये आलंय."

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. या वह्या कुठून आल्या, कुणी आणि कशासाठी केल्या, ते आधी पाहावंसं वाटलं.

सुरुवात शब्दापासूनच करू. मराठीत 'टिपणं' हे भारी कष्टाळू क्रियापद आहे. चिमणी दाणे टिपते. टीपकागद शाई टिपतो. पदरानं डोळे टिपतात. शिकारी सावज टिपतो. आणि शिंपी टीप मारतो. या साऱ्यांची व्युत्पत्ती एक असो वा नसो, बोलणाऱ्याच्या कानाला ती एका घरातली वाटतात, आणि नोट्स काढण्याचे सगळे प्रकार त्यांत येऊन जातात. सगळ्या खळ्यातून चार दाणे उचलणं ही निवड. जे सांडलं ते शोषून घेणं ही नक्कल. नेम धरून एकच गोष्ट घेणं हा शोध. आणि दोन कापडं एकत्र जोडणं, ते तर सगळ्यांत अवघड. शिक्षकांच्या 'पाठ टाचणा'तलं टाचणही शिवणकामाच्याच डब्यातलं. टिपण काढलं म्हणजे नक्की यांतलं काय केलं, हे विचारल्याशिवाय कुठलीही पद्धत चांगली की वाईट ते सांगता येत नाही.

आपल्याकडचं सर्वांत जुनं शिकण्याचं साधन तर लिहिलेलं ठेवतच नसे. धूळपाटी म्हणजे फळीवर पसरलेली धूळ किंवा बारीक वाळू. पोरानं बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं, पंतोजीनं पाहायचं, हात फिरवला की पाटी कोरी. 'धुळाक्षरं गिरवणं' हा वाक्प्रचार तिथलाच. दगडी पाटी आली तरी पुसण्याचा धर्म सुटला नाही. रोममधली मुलं लाकडी फळीवरच्या मेणात टोकदार सळईनं लिहीत आणि सळईच्या चपट्या बाजूनं मेण पुन्हा सारखं करीत. या टिपणाचं आयुष्य काही मिनिटांचं. ते नंतर वाचण्यासाठी नव्हतंच. पुसल्यावर पुन्हा काढता आलं पाहिजे, यासाठी ते होतं. धूळपाटीकडे अडाणी काळातलं साधन म्हणून पाहण्याची सवय आहे. तिच्याकडे पुढे परत यावं लागणार आहे.

जे ठेवायचं ते मात्र वेगळ्या हातानं लिहीत. पोथीत चूक झाली तर त्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन वर पुन्हा लिहीत. आज आपण एखाद्याच्या मेहनतीवर हरताळ फासतो, तेव्हा तो लेखनिकांच्या दौतीशेजारचा डबा आठवत नाही. आणि पोथीचा समास, म्हणजे कडेची मोकळी जागा, तिथे वाचणारा राहून गेलेली ओळ, कठीण शब्दाचा अर्थ, आपली शंका लिहून ठेवी. या समासालाही पुढे मोठं भाग्य यायचं आहे.

टिपणं गोळा करणं म्हणजे काय, याचा मराठीतला आद्य नमुना म्हाइंभटाचा. तेराव्या शतकाच्या शेवटी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करायला तो निघाला तेव्हा नागदेवाचार्यांपासून ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांना गाठून त्यानं लीळा विचारून घेतल्या. कुणी एक सांगितलं, दुसऱ्यानं वेगळं सांगितलं, तर तो फरक लपवायचा नाही, अशी महानुभावांची रीत. पुढे मूळ पोथ्या धाडीत गेल्या आणि लीळाचरित्र पुन्हा सिद्ध करावं लागलं, तेव्हा निरनिराळे पाठ ज्याच्या त्याच्या नावानं ओळखले गेले. केशिराजबासांनी त्या लीळांतून स्वामींची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ केला. आधी प्रसंगासकट नोंद, मग त्या नोंदीतून निवड. दोन पायऱ्या, दोन ग्रंथ. मराठी गद्याची पहाट अशी टिपणाच्या शिस्तीतूनच झाली.

कीर्तनकाराची गरज निराळी. त्याला ऐन वेळी, लोक समोर बसलेले असताना सापडायला हवं. त्यासाठी बाड. आखूड बाजूनं शिवलेली, खालून वर उलटायची लांबट वही. तीत अभंग, श्लोक, ओव्या, पदं, आख्यानं, दृष्टान्त. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला निरूपण आणि उत्तररंगाला आख्यान. बाडातला मजकूर या उपयोगाच्या हिशेबानं लागलेला असे. अमुक प्रसंगाला काय म्हणायचं हे कळलं पाहिजे. ते कोणत्या ग्रंथाच्या कितव्या पानावर आहे याचं त्याला अगत्य नसे. रामदासी मठांमधली अशी शेकडो बाडं धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव फिरून जमवली. ती चाळताना जाणवतं की एका माणसाचं बाड दुसऱ्याच्या कामाचं असतंच असं नाही. ते त्याच्या गळ्याला बेतलेलं असतं.

युरोपातली मथळ्यांची वही हे बाडाचंच चुलत घराणं. तिकडे वक्तृत्व हे शिक्षणाचं मुख्य अंग. बोलताना आणि लिहिताना दाखले हाताशी हवेत. इरॅस्मसनं १५१२ सालच्या आपल्या पाठ्यपुस्तकात विद्यार्थ्यांना सांगितलं की आधी सद्गुण-दुर्गुणांचे, मानवी व्यवहाराचे मथळे आखा आणि मग वाचलेले वेचे त्यांत भरत चला. शाळाशाळांतून हे रुजलं. बार्नबस स्मिथ याच शाळेचा विद्यार्थी.

पण मथळ्यांच्या वहीला एक जन्मजात रोग. 'दया' या मथळ्याला तुम्ही चार पानं ठेवता आणि दयेबद्दल आठ पानं सापडतात. 'क्षमा' दहा पानं अडवून रिकामी बसते. कुठल्या विषयावर आपण किती वाचणार हे वाचायच्या आधी ठरवायचं, ही ती मूळ अडचण. जॉन लॉक या तत्त्वज्ञानं तीवर उपाय काढला आणि १६८६ साली फ्रेंच भाषेतल्या एका नियतकालिकात छापला. वही सुरुवातीपासून सरळ लिहीत जा, जागा राखून ठेवू नका. फक्त पहिल्या दोन पानांवर अनुक्रमणिका आखा: वीस अक्षरं आणि प्रत्येकापुढे पाच स्वर, अशी शंभर घरं. मथळ्याचं पहिलं अक्षर आणि त्यातला पहिला स्वर पाहायचा आणि त्या घरात पानाचा आकडा टाकायचा. मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही, कारण ही जवळजवळ बाराखडीच झाली. मिरची, मीठ आणि मीमांसा एकाच घरात राहतील. चालेल, शंभर घरांत शोधायला कितीसा वेळ लागतो? लॉकची युक्ती लहान होती पण तिनं एक गोष्ट कायमची सुटी केली. लिहिण्याचा क्रम वेगळा आणि शोधण्याचा क्रम वेगळा असू शकतो.

व्यापाऱ्यांना मात्र हे आधीपासून ठाऊक होतं. पेढीवर गिऱ्हाईक उभं असताना आलेला-गेलेला पैसा जसा घडला तसा कच्च्या वहीत किंवा चिटोऱ्यावर टिपला जातो. संध्याकाळी तो तारखेनिशी रोजकीर्दीत चढतो. मग त्यातली एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर, खतावणीत. कीर्द सांगते 'केव्हा', खतावणी सांगते 'कुणाचं'. पेशवाईचा सगळा कारभार या जोडीवर चालला, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या हजारो रुमालांत तो अजून बांधून ठेवलेला आहे. कारकुनांच्या हाती त्यासाठी मोडी होती. हात फारसा न उचलता झरझर ओढत नेण्याची लिपी.

गटिंगेनचा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक लिश्टेनबर्ग १७६५ पासून वह्या लिहीत होता. त्यांना तो खरकट्या वह्या म्हणावं अशा अर्थाच्या नावानं ओळखे. तो लिहितो की इंग्रज व्यापारी आधी सगळं कच्च्या वहीत वाट्टेल तसं टिपतात, मग रोजवहीत नीट लावतात, मग खात्यावर नेतात. विद्वानांनीही तसंच करावं. गंमत अशी की त्याचं स्वतःचं बहुतेक सगळं कच्च्या वहीतच राहिलं आणि आज जग त्याला ओळखतं ते त्या कच्च्या वह्यांमुळेच. पण त्याचा मुद्दा खराच आहे. पहिल्या झटक्यात नीटनेटकं लिहू पाहणारा विद्यार्थी म्हणजे गिऱ्हाइकाला थांबवून खतावणी लिहीत बसलेला वाणी. आणि कच्च्या वहीवर थांबणारा म्हणजे ज्याला उधारी कुणाकडे किती, हेच सांगता येत नाही असा.

आतापर्यंतचं सगळं शिवलेल्या वहीतलं. वहीची पानं हलत नाहीत. झुरिकच्या कॉनराड गेस्नरला हे अडलं. जगातल्या लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ग्रंथांची यादी करायला निघालेला हा वैद्य. १५४८ साली त्यानं छापून सांगितलं की चांगला कागद घ्या, एकाच बाजूला लिहा, प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळीवर. मग कात्रीनं कापा, लावून बघा, हवा तो क्रम मिळाला की चिकटवा. पुन्हा सुटेल अशी खळ वापरा. आलेली पत्रंसुद्धा तो असा कापत असे. चिठ्ठीचा, म्हणजे आजच्या कार्डाचा जन्म हा असा कात्रीतून झाला.

पुढच्या शतकात तिला कपाट मिळालं. १६८९ साली हँबर्गच्या व्हिन्सेंट प्लाक्सिउसनं अशा कपाटाचं चित्रासकट वर्णन छापलं. सुमारे ३,००० मथळे, प्रत्येक मथळ्याला आकडा, आणि आकड्याला चिठ्ठ्या टोचलेल्या. मुळात ही कल्पना थॉमस हॅरिसन या इंग्रजाची. असं एक कपाट लाइब्निट्झकडे होतं. म्हणजे कलनशास्त्राच्या शोधावरून भांडलेल्या दोघांपैकी एकाजवळ सावत्र बापाची कच्ची वही आणि दुसऱ्याजवळ जगातलं सर्वांत आधुनिक चिठ्ठ्यांचं कपाट. गणित दोघांनाही आलं.

त्यानंतर चिठ्ठी गावोगाव फिरली. झाडांची नावं लावणाऱ्या लिनियसला नवनव्या जाती येऊन मिळत, त्या वहीत घुसवायला जागा नसे. १७६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो सारख्या मापाच्या सुट्या कागदांवर आला. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर चर्चचे ग्रंथसंग्रह सरकारजमा झाले आणि १७९१ साली त्यांची यादी करायचा हुकूम निघाला. कार्डं आणायची कुठून? खेळायच्या पत्त्यांची पाठ तेव्हा कोरी असे. राजा, राणी, गुलाम यांच्या पाठीवर संतांच्या ग्रंथांची नावं चढली. १८७६ मध्ये अमेरिकेत मेल्व्हिल ड्यूईनं कार्डांचं माप, कपाट, खण यांचा धंदाच उभा केला. आणि १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोद्याला ग्रंथालयांची व्यवस्था आणि ग्रंथपालांचं प्रशिक्षण सुरू केलं. लाकडी खणांतली कार्डं मग आपल्याकडच्या वाचकाच्याही बोटांना ओळखीची झाली.

चिठ्ठीचं वैभव आणि चिठ्ठीचे धिंडवडे पाहायचे तर कोशकारांच्या घरी जावं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी शेकडो वाचक उतारे काढून पाठवत. १८७९ साली जेम्स मरे संपादक झाले तेव्हा आधी जमलेल्या चिठ्ठ्यांची पोती त्यांच्या घरी आली. एका पोत्यात मेलेला उंदीर, दुसऱ्यात जिवंत उंदरीण आणि तिची पिलावळ. 'एच'चा गठ्ठा फ्लॉरेन्समध्ये सापडला. 'पीए'च्या चिठ्ठ्या आयर्लंडमध्ये एका तबेल्यात निघाल्या. बऱ्याचशा चूल पेटवायला गेल्या होत्या. मरे यांनी बागेत लोखंडी पत्र्याची खोली बांधली, भिंतींना हजारावर कप्पे केले, खोलीला 'स्क्रिप्टोरियम' नाव दिलं. तरीही दासीवाचक एका शब्दाची चिठ्ठी हरवली ती हरवलीच आणि तो शब्द पहिल्या आवृत्तीत आलाच नाही. वहीचं पान हलत नाही ही तिची उणीव. चिठ्ठी हलते ही तिचीही उणीवच.

त्या खोलीचं नाव पुण्यात आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृतचा महाकोश करण्याचं काम सुरू केलं. तिथल्या स्क्रिप्टोरियममध्ये दीड हजारांच्या आसपास ग्रंथांतून काढलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत. ऋग्वेदापासून पुढे, व्याकरण, वैद्यक, अश्वशास्त्र, काव्य, धर्मशास्त्र, जिथे जिथे शब्द आला तिथला उतारा आणि ठिकाण. चिठ्ठ्या काढण्यातच पंचवीसेक वर्षं गेली. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. खंड तीसच्या पुढे गेले तरी काम अजून 'अ'च्याच दारात आहे.

हे ऐकून कुणी हसेल. पण थोडं थांबून पाहावं. ज्यानं १९५० च्या सुमारास एखाद्या ग्रंथातला शब्द चिठ्ठीवर उतरवला, त्यानं ती स्वतःसाठी लिहिली नव्हती. पन्नास-साठ-सत्तर वर्षांनी, त्याचं नावही माहीत नसलेला कुणी संपादक खण ओढेल आणि ती वाचेल, हे गृहीत धरून लिहिली होती. म्हणून ठिकाण बिनचूक, अक्षर सुवाच्य, आणि एका चिठ्ठीवर एकच शब्द. भाचीच्या वहीला ही शिस्त लावली तर तिचा एकही पेपर या जन्मात लिहून होणार नाही. आणि भाचीची शिस्त कोशाला लावली तर चिठ्ठी कुणालाही लागणार नाही.

आजकाल ज्या पद्धतीचा सर्वांत गाजावाजा आहे तीसुद्धा चिठ्ठीचीच. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान. कायदा शिकलेला, तरुणपणी सरकारी नोकरीत. फायलींचे आकडे रक्तात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यानं चिठ्ठ्या लिहिल्या, मरेपर्यंत सुमारे ९०,०००. विषयवार मथळे नाहीत. चिठ्ठीला आकडा: २१, मग तिच्यातून सुचलेली २१/१, तिला फुटलेली २१/१अ, अशी फांदीला फांदी. शिवाय एका चिठ्ठीवर दुसरीचा आकडा, म्हणजे उडी मारायला वाट. चिठ्ठ्या बऱ्याचदा टाकाऊ कागदांच्या पाठीवर. १९८१ साली त्यानं लेख लिहून सांगितलं की हा खण म्हणजे आपला बोलण्याचा जोडीदार आहे. विचारल्यावर तो अनपेक्षित उत्तर देतो. या खणातून पन्नासहून अधिक पुस्तकं निघाली. आज जी ॲप 'दुसरा मेंदू' देण्याचं वचन देतात, ती याच खणाच्या नावानं विकली जातात. खण मिळतो; पण रोज चिठ्ठ्या लिहिणारी चाळीसएक वर्षं वेगळी आणावी लागतात. लुहमानला पुस्तकं लिहायची होती. परीक्षा द्यायची नव्हती.

परीक्षा देणाऱ्यासाठी वही केली ती वॉल्टर पॉक यांनी, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात, १९५० च्या दशकात. १९६२ च्या त्यांच्या पुस्तकामुळे ती जगभर गेली. पानाच्या डाव्या बाजूला अडीच इंचांचा पट्टा सोडायचा, खाली दोन इंच. तास चालू असताना उजवीकडे लिहायचं. नंतर डाव्या पट्ट्यात त्या मजकुरावरचे प्रश्न किंवा सूचक शब्द. तळाला स्वतःच्या शब्दांत सार. लोक ही आखणी करतात, छापील वह्या विकत घेतात आणि तिथेच थांबतात. पण पॉक यांच्या पद्धतीचा प्राण रेघांत नाही. पुढे उजवी बाजू हातानं झाकायची, डावीकडचा प्रश्न वाचायचा आणि उत्तर मोठ्यानं म्हणायचं, हा तो प्राण. पोथीचा समास इथे परीक्षक होऊन बसला.

आणि झाकून म्हणणं म्हणजे काय? हात फिरवून पाटी कोरी करणं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. पंतोजीला हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं, इतकंच. त्याची चूक एवढीच की तो अर्थ विचारायला विसरे आणि छडी विसरत नसे.

राहता राहिला भाचीचा 'व्हिज्युअल लर्नर'. माणसं डोळ्यांनी शिकणारी, कानांनी शिकणारी, हातांनी शिकणारी अशा जातींची असतात आणि ज्याला त्याला त्याच्या जातीची पद्धत दिली की शिकणं सुधारतं, ही कल्पना अतिशय लोकप्रिय आहे. २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी तिचे पुरावे तपासले. लोकांना आवडीनिवडी असतात, हे खरं निघालं. पण आवडीप्रमाणे शिकवल्यानं जास्त येतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. हातानं लिहावं की लॅपटॉपवर, याचंही तसंच. २०१४ साली एका गाजलेल्या अभ्यासानं हाताला कौल दिला. लॅपटॉपवाले शब्दन् शब्द उतरवतात, म्हणून समजून घेणं राहतं, असं त्यात म्हटलं होतं. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा लॅपटॉपवाल्यांनी जास्त शब्द लिहिले हे दिसलं, पण समजण्यातला तो फरक तसा दिसला नाही. टीपकागद शाई टिपतो तसं टिपलं की हत्यार कुठलंही असो, हाती उलटी अक्षरंच येतात.

कुळकथा इथवर आली की एक गोष्ट लख्ख दिसते. यातली एकही पद्धत माणसाच्या मेंदूची जात पाहून निघालेली नाही. प्रत्येक पद्धत कुणाच्या तरी कामातून निघाली, आणि त्या कामात लिहिणं आणि वाचणं यांच्यामध्ये किती अंतर आहे यावर तिचा आकार ठरला. धूळपाटीत अंतर एका श्वासाचं. पॉक यांच्या समासात आठवड्याचं. कीर्तनकाराच्या बाडात पुढच्या एकादशीपर्यंतचं. खतावणीत वर्षाचं. लुहमानच्या खणात पुढचं पुस्तक सुचेपर्यंतचं. डेक्कन कॉलेजच्या चिठ्ठीत दोन पिढ्यांचं, आणि वाचणारा परका. म्हणून 'मला काय सूट होईल' हा प्रश्न आरशापुढे उभं राहून सुटत नाही. हे पान कोण वाचणार, केव्हा, आणि वाचून काय करणार, एवढं विचारलं की वही आपोआप समोर येते.

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला परीक्षा होती. एवढंच विचारलं, "हे तू लिहितेस ते परत केव्हा उघडतेस?"

तिनं थोडा विचार केला. "खरं सांगू मामा? उघडतच नाही. नवीन वहीत पुन्हा नीट उतरवून काढते."

मग आम्ही कार्डांचा गठ्ठा, ठिपक्यांची वही आणि चारांतले तीन हायलायटर बाजूला ठेवले. घरातली जुनी पाटी माळ्यावर होती, ती पुसून खाली आणली. तिनं राज्यघटनेचा एक भाग वाचला, पुस्तक मिटलं आणि आठवेल ते पाटीवर लिहायला घेतलं. चौथ्या ओळीला अडली. जिथे अडली तेवढाच शब्द तिनं वहीत टिपला, आणि पाटी पुसली.

बाजूला ठेवलेल्या ठिपक्यांच्या वहीत तिनं पन्नासेक पानांवर मथळे लिहून ठेवले होते, हिरव्या शाईत, पट्टीनं अधोरेखित करून. खाली काही नव्हतं. मी ती वही मागून घेतली. कागद चांगला आहे, कुणाच्या तरी गणितांना येईल.